चौधरी, दोन हजार नऊ

पिंप्राळ्यातल्या त्या कॉलनीत कुणाचं आधार कार्डावरचं नाव चुकलं, कुणाची गॅसची सबसिडी अडकली किंवा कुणाच्या मिक्सरचं वॉरंटी कार्ड सापडेनासं झालं, की लोक सरळ नासीरभाईंचं दार वाजवत. नासीर शेख दीपनगरच्या वीज केंद्रात भांडार विभागात होते. उभी नोकरी नटबोल्टांना, वॉशरांना आणि बेअरिंगांना नंबर देण्यात गेली. निवृत्त झाल्यावर नंबर द्यायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी घरातल्या मसाल्याच्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. पत्नी जीनतबींनी त्या दुसऱ्याच दिवशी पाणी लावून काढल्या आणि सांगितलं, "हळद मला चेहऱ्यावरून ओळखू येते."

अशा माणसाच्या हाती संदर्भसूची पडणं हा योगायोग होता, पण पडल्यावर जे झालं त्याला योगायोग म्हणता येणार नाही.

पलक खालच्या मजल्यावरच्या दीपचंदभाऊंची नात. दीपचंदभाऊंचं बाजारात कापडाचं दुकान, आणि पलक एमबीएच्या शेवटच्या वर्षाला. तिच्या प्रोजेक्टचा विषय होता जळगावच्या कापड दुकानांतली गिऱ्हाइकं खरेदी करताना कशी वागतात. म्हणजे आजोबा गल्ल्यावर बसून जे रोज बघत होते, तेच तिने इंग्रजीत लिहिलं होतं. गाईड नीलेश सरांनी बाकी सगळ्यावर बरोबरच्या खुणा केल्या आणि शेवटच्या पानांवर लाल शाईत लिहिलं : 'संदर्भ फॉरमॅटमध्ये नाहीत.'

"चाचा, तुमचा प्रिंटर चालू आहे का?" एवढंच विचारायला ती वर आली होती.

"बघू काय आहे ते," नासीरभाई म्हणाले, आणि तिथेच सगळं सुरू झालं.

कॉलेजने दिलेला नियमांचा कागद त्यांनी आधी एकदा वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. आडनाव आधी, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षर, मग टिंब. कंसात साल. लेखाचं नाव सरळ, मासिकाचं नाव तिरकं. पहिली ओळ कडेला चिकटलेली, दुसरी ओळ आत सरकलेली. नासीरभाईंचा चेहरा उजळला. भांडारात प्रत्येक मालाचं असतं तसं जगात कुणीतरी पुस्तकांची बिन कार्डं तयार केली होती, आणि ही गोष्ट त्यांना आजवर कुणी सांगितली नव्हती!

त्यांनी प्रोजेक्ट ठेवून घेतला. संध्याकाळी जीनतबी चहा घेऊन आल्या तेव्हा ते अचंब्याने म्हणाले, "हा एट अल नावाचा माणूस बघ. कापडावर लिहितो, बँकांवर लिहितो, टूथपेस्टवर लिहितो. प्रत्येक लेखात दुसऱ्या नंबरवर असतो, पहिला कधी येत नाही. पण हटत नाही!"

"नोकरी कधी करतो मग?" जीनतबींनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी पलकने खुलासा केला की तो माणूस नाही, 'आणि इतर' असा त्याचा अर्थ. नासीरभाई जरा हिरमुसले. रात्रभरात त्यांना त्या माणसाबद्दल आपुलकी वाटू लागली होती. दीपचंदभाऊ शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "म्हणजे आमच्या पाटीवर 'अँड सन्स' असतं तसं."

"बरोबर, दादाजी."

"मग सन्सची नावं का नाही लिहीत?"

"जागा पुरत नाही."

"आमच्याकडेही तेच सांगितलं होतं," दीपचंदभाऊ म्हणाले. त्यांचे वडील भावंडांत चौथे होते.

दीपचंदभाऊंना हा सगळा प्रकार मुळातच पटत नव्हता. आपल्या पुस्तकात दुसऱ्यांची नावं कशाला? आपल्या दुकानात कुणी समोरच्या दुकानाची पाटी लावतं का? नासीरभाईंनी समजावलं, "भाऊ, माल कुठून आणला ते सांगायचं असतं, एवढंच."

दीपचंदभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. "ते तर कधीच सांगायचं नसतं, नासीरभाई! पोरीला हे शिकवतात कॉलेजात?"

काम मात्र भराभर चाललं होतं. टिंबं बसत होती, स्वल्पविराम आपापल्या जागी जात होते. एका लेखिकेने स्वतःचं नाव 'सौ.' लावून छापलं होतं, तेव्हा 'सौ.' हे आद्याक्षर धरायचं की नाही यावर नासीरभाईंनी पूर्ण सकाळ घालवली. पाटील इतके निघाले की त्यांची वेगळी रांग लावावी लागली. आणि या सगळ्यातून पुढे सरकत सरकत ते चौधरींपाशी आले, आणि अडकले.

'चौधरी, शा. र. (२००९)'. लेखाचं नाव होतं, धुळ्याच्या एका कॉलेजच्या षण्मासिकाचं नाव होतं, पण पान नंबर नव्हता. आणि पलकच्या प्रोजेक्टचं सगळं दुसरं प्रकरण याच चौधरींच्या खांद्यावर उभं होतं. त्यांचा सिद्धांत असा : खान्देशी गिऱ्हाईक दुकानात शिरल्यावर ज्या वस्तूचा भाव सर्वांत आधी विचारतं, ती वस्तू ते कधीच विकत घेत नाही.

नासीरभाईंनी दोन-तीनदा ते वाक्य वाचलं. शेवटचा शर्ट घेतला तेव्हा आपण आधी कशाचा भाव विचारला होता हे त्यांना आठवेना, आणि तेव्हापासून त्यांना चैन पडेना. त्यांनी दीपचंदभाऊंना विचारलं. दीपचंदभाऊंनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. "कधी घेतात, कधी नाही घेत. पण कधीच घेत नाही? असं कुणी मोजलं?"

"तेच तर बघायचं," नासीरभाई म्हणाले.

"तू हा लेख वाचलास का बेटा?" त्यांनी पलकला विचारलं.

"नाही चाचा. सिनियरच्या प्रोजेक्टमध्ये होता."

"सिनियरने वाचला?"

"त्याने नीलेश सरांच्या पेपरातून घेतला."

नासीरभाईंनी नीलेश सरांना फोन लावला. सर क्लासला निघाले होते. "टाका ना काहीतरी. पंचेचाळीस ते बावन्न टाका. मी तेच टाकलंय."

"तुम्ही पाहिलंय, सर?"

"आमच्या सरांच्या पेपरात होतं."

नासीरभाईंनी इंटरनेटवर आणखी दोन पेपर शोधले. एकात चौधरी एकशे बारा ते एकशे एकोणीस पानांवर होते, दुसऱ्यात सहा ते नऊ. तिन्ही ठिकाणी तेच चौधरी, तेच साल, तोच सिद्धांत. 'काहीतरी' हा शब्द नासीरभाईंच्या मनात खड्यासारखा टोचत होता. दीपनगरला रजिस्टरात 'काहीतरी' लिहिलं असतं तर त्यांना एका टर्बाइनच्या जागी दुसरीच वस्तू मिळाली असती. त्यांनी जाहीर केलं, "मी धुळ्याला जातो."

"एका आकड्यासाठी?" जीनतबी म्हणाल्या.

"दोन आकडे. पासून आणि पर्यंत."

दीपचंदभाऊंना धुळ्यात व्याह्यांकडे जायचंच होतं, निदान ते तसं म्हणाले. पलकही निघाली, कारण प्रोजेक्ट तिचा होता आणि जमा करायची तारीख अगदी जवळ आली होती. बसमध्ये दीपचंदभाऊंनी एरंडोल येईपर्यंत शेजारच्या बाईला तिच्या पिशवीतल्या कपड्याचा पोत सांगितला. पारोळ्याला खिडकीतून भजी घेतली. नासीरभाईंनी भज्यांचा भाव विचारला, घेतली, आणि मग एकदम थबकले. "मी आधी भज्यांचाच भाव विचारला, आणि भजीच घेतली!"

"मग चौधरी खोटे?" पलक म्हणाली.

"भजी चालत नाहीत. कापड पाहिजे," दीपचंदभाऊ म्हणाले.

धुळ्याच्या त्या कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरवरच्या गृहस्थांनी त्यांच्यासमोर एक अर्ज सरकवला. त्यात 'आपण कोण' यासमोर तीन चौकोन होते : विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक. नासीरभाईंनी पेन हातात घेऊन बराच विचार केला.

"मी शेजारी आहे," ते म्हणाले.

"शेजारी हा चौकोन नाही."

"पलक विद्यार्थी आहे."

"आमच्या कॉलेजची नाही. मग प्राचार्यांचं पत्र पाहिजे. तुमच्या प्राचार्यांचं, आमच्या प्राचार्यांच्या नावे."

"आणि हे?" पलकने दीपचंदभाऊंकडे बोट केलं.

"हे कोण?"

"मी माल बघायला आलोय," दीपचंदभाऊ म्हणाले. दुकानात जन्म गेलेल्या माणसाच्या तोंडून ते इतकं अधिकाराने निघालं, की गृहस्थ आपोआप उभे राहिले आणि विचारू लागले, "कुठला अंक पाहिजे?"

२००९चे दोन्ही अंक निघाले. पंचेचाळीस ते बावन्न या पानांवर वार्षिक क्रीडा अहवाल होता, आणि त्यात गोळाफेकीत पहिली आलेल्या मुलीचा मोठा फोटो. सहा ते नऊवर जाहिराती. एकशे बारा हे पानच नव्हतं, दोन्ही अंक ऐंशीला संपत होते. चौधरींचा लेख कुठेच नव्हता. फक्त २००८च्या शेवटच्या अंकात, मागच्या कव्हरवर, बारीक अक्षरात 'पुढील अंकात वाचा' खाली लेखाचं नाव होतं, आणि खाली प्रा. शा. र. चौधरी.

"नाहीच छापला तो," गृहस्थ म्हणाले. "फोन खूप येतात. पान नंबर सांगा म्हणतात. मी सांगतो, छापलाच नाही. ते म्हणतात, मग अंदाजे सांगा. बघायला तुम्हीच पहिले आलात."

नासीरभाईंना आधी अभिमान वाटला, आणि मग ध्यानात आलं. दुसरं प्रकरण गेलं! पलक तर खाली बसलीच. "आता काय लिहू मी, चाचा? हे काढलं तर पंधरा पानं काढावी लागतील."

"काढायचं नंतर. आधी माणूस कुठे राहतो ते विचारू."

माणूस देवपुरात राहत होता. गल्लीत शिरल्यावर ओट्यावर धान्य निवडत बसलेल्या एका आजींना त्यांनी चौधरींचं घर विचारलं.

"कोन्ता चौधरी?" आजी म्हणाल्या. "आठे बठ्ठा चौधरीच शेतस." गल्लीतली सगळीच घरं चौधरींची निघाली.

"प्रोफेसर चौधरी, अक्का."

"मंग त्या निळा गेटना घरमा."

शालिग्राम चौधरी स्वतःच दार उघडायला आले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली, अंगात स्वेटर, हातात अर्धं सोललेलं संत्रं. पलकने लेखाचं नाव घेतल्याबरोबर त्यांनी संत्रं खाली ठेवलं.

"अरे बापरे," ते म्हणाले. "शेवटी कुणीतरी आलं."

त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि सांगून टाकलं. तो लेख त्यांनी कधी लिहिलाच नव्हता. तेव्हा एका चर्चासत्रात त्यांचं भाषण जेवणानंतर ठेवलं होतं. समोर सगळं सभागृह पेंगत होतं. लोकांना जागं करायला त्यांनी घरचा किस्सा सांगितला : आमची मंडळी ज्या साडीचा भाव आधी विचारते, ती कधीच घेत नाही. लोक हसले, जागे झाले. संपादक म्हणाले, यावर लेख द्या, आणि नाव जाहीरही करून टाकलं. लेख राहून गेला.

"कुणीतरी भाषणातलं वाक्य घेतलं, कव्हरवरचं नाव घेतलं, आणि दोन्ही जोडलं. त्याचं पाहून पुढच्याने, त्याचं पाहून त्याच्या पुढच्याने. 'आमची मंडळी'चं झालं 'खान्देशी गिऱ्हाईक'. पानं कुणी दिली मला माहीत नाही."

"तुम्ही कळवलं नाही, सर?" पलकने विचारलं.

"दोघांना कळवलं की मी असा लेख लिहिलेला नाही. एकाने उत्तरच दिलं नाही. दुसऱ्याने लिहिलं, सर, आपण फार नम्र आहात."

आतून तानुबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या. शालिग्रामांच्या पत्नी, शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला तो आपटल्यासारखाच.

"कोण भाव विचारतं आणि घेत नाही?"

"काही नाही, जुनी गोष्ट—"

"मी?"

शालिग्राम संत्र्याकडे बघू लागले. चर्चासत्रातलं भाषण घरात कधीच पोचलं नव्हतं. आता तानुबाईंना ते पूर्ण ऐकायचं होतं, आणि पलकने ते पूर्ण ऐकवलं. इंटरनेटवर किती जणांनी त्या वाक्याचा आधार घेतला आहे, हेही मोबाइलवर दाखवलं. केरळमधल्या कुणीतरीसुद्धा घेतला होता.

"केरळपर्यंत माझी साडी गेली?" तानुबाई म्हणाल्या. "आणि कारण? कारण कुणी लिहिलंय का त्यात?"

"किंमत-संवेदनशीलता, असं लिहिलंय," पलक चाचरत म्हणाली.

"डोंबलाची संवेदनशीलता! हे सोबत असायचे म्हणून. आधी मी महागातली महाग साडी काढायला लावून तिचा भाव मोठ्याने विचारायचे, ह्यांना ऐकू जावा म्हणून. ह्यांचा चेहरा उतरला की मग दुसरी काढायला सांगायची. त्यानंतर कुठलीही दाखवा, हे म्हणायचे, ही बरी आहे. भाव दुकानदाराला विचारलेला नसतो, बाळ. नवऱ्याला ऐकवलेला असतो."

दीपचंदभाऊ हळूच म्हणाले, "वहिनी, पन्नास वर्षं गल्ल्यावर बसलो. मी नेहमी बायकांच्या तोंडाकडे बघत राहिलो."

नासीरभाईंनी मोठ्या आदराने विचारलं, "ताई, हे तुमच्या नावाने लिहिलं तर चालेल?"

"लिहा की. मी कुणाला भिते?"

परतीच्या बसमध्ये नासीरभाईंनी नियमांचा कागद उलगडला आणि एकदम ओरडले. तोंडी माहितीसाठी वेगळा नियम होता! ती सूचीत द्यायची नाही. मजकुरातच कंसात नाव, 'व्यक्तिगत संवाद' आणि तारीख.  पलक खिडकीबाहेर बघत म्हणाली, "चाचा, खोटी पानं टाकली असती तर आत्ता मी घरी झोपले असते."

"टाकायची का अजून? प्रोजेक्ट तुझा आहे."

"नाही," ती म्हणाली. "मला आता नाही जमणार ते. मला त्या बाई दिसतील."

नीलेश सरांनी नवं दुसरं प्रकरण वाचलं आणि त्यांचा रंग बदलला. "चौधरी, दोन हजार नऊ नाही? ज्यात चौधरी नाही असा प्रोजेक्ट मी अजून पाहिलेला नाही!"

"सर, तो लेखच नाही," पलक म्हणाली. "आम्ही जाऊन आलो."

सरांची नजर स्वतःच्या कपाटाकडे गेली. त्यात त्यांचा स्वतःचा पेपर होता. शेवटी त्यांनी सही केली, आणि पेनाला टोपण लावत म्हणाले, "वायव्हात बाहेरच्यांनी विचारलं तर तुझं तू सांग."

मग कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने अडवलं. पलकच्या प्रोजेक्टमध्ये नकलेची टक्केवारी आधीपेक्षा वाढली होती. कारण नासीरभाईंनी सगळे संदर्भ अचूक केले होते, आणि अचूक संदर्भ जगात सगळीकडे सारखेच दिसतात. कॉलेजमधला तपासणीस म्हणाला, "थोडं बदला. शब्द मागेपुढे करा."

"कशात बदलू?" नासीरभाईंचा आवाज चढला. "पुस्तकाच्या नावात? लेखकाच्या बापाच्या नावात?"

"आधी बरोबर होतं की. आठ टक्के होतं."

"आधी चुकलेलं होतं म्हणून आठ होतं!"

तपासणिसाला हा मुद्दा मान्य होता, पण त्याच्याकडे मुद्द्यांचा रकाना नव्हता. दुपारभर वाद चालला. अखेर पलकनेच स्क्रीनवर वाकून एक बटण शोधून काढलं, ज्याने संदर्भसूची तपासणीतून वगळता येत होती. तपासणीस म्हणाला की हे बटण त्याला आजच दिसलं. प्रोजेक्ट जमा झाला.

वायव्हाच्या दिवशी नासीरभाई आणि दीपचंदभाऊ दोघेही कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर जाऊन बसले. नातीची परीक्षा म्हणून दीपचंदभाऊंनी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं होतं. नासीरभाईंना येण्याचं तसं कारण नव्हतं, पण स्वल्पविराम त्यांचे होते. आत परीक्षक म्हणून बाहेरच्या कॉलेजच्या एक बाई आल्या होत्या, फार कडक म्हणून प्रसिद्ध. दार अर्धवट उघडं होतं.

"चौधरी, दोन हजार नऊ का नाही?" बाईंचा आवाज आला.

पलकने सगळं सांगितलं. कव्हर, क्रीडा अहवाल, संत्रं, तानुबाई. नीलेश सर खाकरले. नासीरभाईंनी बाकाची कड घट्ट धरली.

"माझ्या पीएचडीत आहे तो संदर्भ," बाई सावकाश म्हणाल्या. "एकशे बारा ते एकशे एकोणीस."

दीपचंदभाऊंनी डोळे मिटून घेतले. मग आतून बाईंचाच आवाज आला, पण आता तो निराळा होता, एखादीने कुंपणावरून शेजारणीला विचारावं तसा. "मग शेवटी कोणती साडी घ्यायच्या हो त्या?"

पलक दारात आली. "चाचा, कोणती घ्यायच्या?"

नासीरभाईंनी खंड विचारला होता, अंक विचारला होता, आद्याक्षरांतली टिंबं विचारली होती. हा साधा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. त्यांनी निमूटपणे फोन काढला, आणि परीक्षक बाईंनी त्यांना आतच बोलावलं. फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"कोणती घ्यायचे?" धुळ्याहून तानुबाईंचा आवाज खणखणीत आला. "ह्यांच्यासमोर एकही नाही. दुसरी बघून ठेवायची, ह्यांना म्हणायचं, राहू दे, पुढच्या वेळी. हे खूश. मग दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एकटीने जायचं आणि पहिलीच घेऊन यायची."

"पहिली?" परीक्षक बाई टेबलावर वाकल्या. "म्हणजे भाव आधी विचारलेली?"

"तीच तर आवडलेली असते ना, मॅडम."

"परत येतात! खरं आहे, दुसऱ्या दिवशी परत येतात!" दीपचंदभाऊ दारातून ओरडले.

परीक्षक बाई भराभर लिहून घेऊ लागल्या. नीलेश सरांनीही पेन काढलं. फोनमध्ये मागून शालिग्रामांचा आवाज ऐकू आला, "ती जांभळी? ती तर तुझ्या भावाने दिली म्हणाली होतीस!" त्याकडे कुणीच लक्ष दिलं नाही.

"पण नाव नीट लिहा हं," तानुबाई म्हणाल्या. "नुसतं चौधरी लिहिलंत, तर लोकांना वाटेल पुन्हा हेच बोलले."

नासीरभाई फोनकडे झुकले. "काळजी करू नका, ताई. तोंडी माहितीला आद्याक्षर लावायचंच असतं, असा नियमच आहे. टी. चौधरी. मी स्वतः टिंब दिलंय."

"मग ठीक."

"आणि माझं?" शालिग्रामांनी लांबून विचारलं.

"तुमचं झालं की," तानुबाई म्हणाल्या, "दोन हजार नऊ साली."